काताच्या रंगाचा क्लब

आमच्या स्टेशनबाहेर पेयांची दोन यंत्रं आहेत. उन्हाळाभर त्यांच्यातल्या प्रत्येक डब्याखाली निळी पट्टी असते. निळी म्हणजे आत गार. ऑक्टोबर सरत आला की खालच्या ओळीतल्या पट्ट्या कोणीतरी बदलून लाल करून जातं. ते कोण आणि कधी करतं हे एवढ्या वर्षांत मला दिसलेलं नाही. लाल म्हणजे गरम. कॉफी, मक्याचं सूप, लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सार. आज सकाळी ऑफिसला जाताना त्या पट्ट्या दिसल्या, मी थबकलो, बॅगेचा कोपरा यंत्राला घासला आणि तोंडातून आपोआप "सुमिमासेन" निघून गेलं. शेजारी कोणी नव्हतं. मी यंत्राची माफी मागितली होती.

मला माफी मागायची सवय आहे. ती जपानने लावली नाही, मी कोल्हापूरहून येतानाच बरोबर आणली. आईला एकटं ठेवून आलो म्हणून दर रविवारी फोनवर माफी. मुलगी मराठीत विचारलेल्याला जपानीत उत्तर देते, त्याबद्दल तिच्या आजीची माफी. बायको नाओमी इथलीच, कोबेची. तिला डाळ जास्त तिखट झाल्याबद्दल माफी, आणि मग आईला डाळ तिखट करत नाही त्याबद्दल माफी. या देशात पहिल्यांदा आलो आणि बघितलं, की लोक लिफ्टमध्ये शिरताना, दुकानात हाक मारताना, आभार मानतानासुद्धा "सुमिमासेन" म्हणतात, तेव्हा वाटलं होतं, चला, आपलं गाव सापडलं.

पण लाल पट्ट्या लागल्या की मला एक माफी आठवते, जी मी सगळ्यांच्या देखत परत घेतली. मी परत घेतलेली ती एकच. आणि तिचा विचार आला, की पाठ जरा ताठ होते.

कोबेत रस्ता विचारला तर डावीकडे-उजवीकडे असं फारसं कोणी सांगत नाही. डोंगराच्या बाजूला, नाहीतर समुद्राच्या बाजूला, असं सांगतात. शहर या दोहोंच्या मध्ये चिंचोळं, लांबलचक पसरलंय. थंडीच्या तोंडाशी डोंगरावरून वारा सुटतो. कोरडा, घाईत असलेला वारा. आमचं मैदान मातीचं आहे, समुद्राकडे किंचित उतरतं. रविवारी सकाळी आम्ही फक्कीने रेघा मारतो आणि हा वारा त्या पुसत राहतो. ती फक्की नाकात गेली की मी एकाच वेळी दोन गावांत उभा असतो. कोल्हापुरातही आमच्या पेठेच्या तालमीचा संघ होता, तिथेही अशीच फक्की, असाच नाकात चुना, आणि कडेला अख्खी पेठ घसा फोडत उभी.

क्लबशी माझी ओळख एका जर्सीमुळे झाली. नवीन आलो होतो. जहाजांचे पंप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, रविवार रिकामा. फिरताना मैदान दिसलं. गडद हिरव्या जर्सीवर तपकिरी-लाल रंगाचा रुंद पट्टा घातलेली माणसं खेळत होती. चांगली पोक्त माणसं, काही पोरसवदा. मी बघत उभा राहिलो, तर मफलर गुंडाळलेला एक म्हातारा जवळ आला. हेच मोरिता-सान, क्लबचे अध्यक्ष. जहाजाच्या गोदीत फोरमन होते, तेव्हाच निवृत्त झालेले. कोबेची बोली बोलतात. ती ऐकली की मला पहिल्यापासून कोल्हापुरीच ऐकू येते, म्हणून त्यांचं बोलणं मी तसंच लिहितो.

"खेळतोस व्हय?" मोरिता-सानांनी विचारलं.

"खेळायचो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. "मग शिट्टी घे."

अशा रीतीने मी पंच झालो. परीक्षा दिली, बिल्ला मिळाला. मग कळलं, की आमच्यासारख्या तळाच्या लीगमध्ये पंच बाहेरून येत नाहीत. प्रत्येक क्लबने आपला पंच बरोबर आणायचा आणि आपला सामना झाला की त्याने त्याच मैदानावर पुढच्या सामन्याला उभं राहायचं. पुढच्या सामन्यातल्या निकालावर आपल्याच क्लबचं नशीब अवलंबून असलं तरी. मी हे दादाला, माझ्या थोरल्या भावाला, फोनवर सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

"म्हणजे पेठेचाच माणूस पंच? आणि लोक काय बोलत न्हाईत?"

"नाही बोलत."

"मग ते फुटबॉल न्हवं रे. ती सत्यनारायणाची पूजा झाली."

त्या तपकिरी-लाल पट्ट्याची गोष्ट मला मोरिता-सानांनी पहिल्याच हिवाळ्यात सांगितली. फार पूर्वी बोटींच्या इंजिनांबरोबर स्कॉटलंडचे काही मिस्त्री या बंदरात आले. त्यांच्या गावाचा एक लहानसा क्लब होता. उत्तर समुद्राच्या काठचं गाव, हेरिंग माशांवर जगणारं. मासे खारवून पिंपांत भरायचे आणि पिंपं परमुलखात धाडायची. क्लब काढला तो पिंपं बनवणाऱ्या सुतारांनी आणि जाळी विणणाऱ्यांनी. सुताची जाळी खाऱ्या पाण्यात कुजू नयेत म्हणून ती एका तपकिरी रसात उकळायचे, आणि तोच रंग क्लबने छातीवर घेतला. "तो रस हिंदुस्थानाकडनं यायचा म्हणं," मोरिता-सान म्हणाले, "झाडाचं लाकूड उकळून काढत्यात, वाळवून वड्या करत्यात." मी जरा वेळ विचार करत बसलो आणि मग मला हसूच आलं. कात! पानाला लावतो तो कात. माझ्या आजोबांच्या धोतरावर कायम ज्याचे डाग असायचे, तो रंग स्कॉटलंडच्या कोळ्यांकडून फिरून कोबेत माझ्यासमोर गोल मारत होता.

ते मिस्त्री करार संपल्यावर परत गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या इथल्या पोरांनी क्लब चालू ठेवला, रंग ठेवले आणि एक रीत ठेवली. त्या स्कॉटिश गावाचं मैदानही समुद्राकडे उतरतं होतं. नाणेफेक जिंकली की तो क्लब पूर्वार्धात नेहमी चढावर खेळायला घ्यायचा. दम आहे तोवर चढ, दम सरला की उतार. आमच्याकडे नाणेफेक जिंकली की कप्तान अजूनही एकच शब्द बोलतो, "डोंगर." वारा तोंडावर, फक्की डोळ्यांत, तरी डोंगर.

त्या मूळ क्लबचा इतिहास मोरिता-सानांना पाठ आहे, आणि तो ऐकताना मला कधी कंटाळा आला नाही, कारण त्यात विजय जवळजवळ नाहीतच. मैदानाला लागून रेल्वे होती. जोरात मारलेला चेंडू कोळशाच्या वाघिणीत पडायचा, पुढच्या स्टेशनावर उतरायचा आणि संध्याकाळच्या गाडीने गार्डच्या शेजारी बसून परत यायचा. एकदाच क्लब वरच्या विभागात गेला, वर्षभर सगळ्यांकडून मार खाल्ला आणि परत आला. गावात अजूनही त्या वर्षाबद्दल लग्नासारखं बोलतात. मग लढाई झाली. खेळणारे गेले, थोडे परत आले. मासे संपले. पिंपांची गरज उरली नाही. मैदानाचा निम्मा तुकडा विकून तिथे मोठं दुकान झालं. सुतार गेले, जाळीवाले गेले, गार्ड गेला, रेल्वेसुद्धा गेली. क्लब आहे. तळाच्या विभागात, एका बसमध्ये मावतील एवढ्या माणसांसह, दर शनिवारी.

मोरिता-सान तरुणपणी एका जहाजाच्या कामासाठी तिकडे गेले होते. सुट्टीच्या दिवशी क्लबच्या रंगांचा आपला मफलर गुंडाळून ते मैदानावर पोचले. दारावरच्या म्हाताऱ्याने मफलर निरखून विचारलं, "हा कुठून उचललास?"

"तुमचीच माणसं विसरून गेली होती," मोरिता-सान म्हणाले, "आणून द्यायला आलोय."

मग काय, तिकीट नाही, पुढच्या बाकावर जागा, हातात मटण भरलेली गरम कचोरीसारखी वस्तू. क्लब हरला. "पण कोण घरी गेलं न्हाई," हे सांगताना मोरिता-सान नेहमी बोट वर करतात. "थांबून, उभं राहून शिव्या घातल्या. तोंड भरून. मग एकमेकांना इचारलं, पुढच्या शनिवारी किती वाजता? लक्षात ठेव, शिव्या देणारा माणूस परत येतोय. गप घरी जातोय त्याला भ्यावं."

हे वाक्य मला फार वर्षांनी कळलं.

ते कळलं त्या मोसमात आम्ही वाईट खेळलो. खोटं कशाला बोलू, फारच वाईट. शेवटच्या रविवारी आम्ही आणि गोदीच्या गोदामांतल्या कामगारांचा संघ, दोघं तळाशी होतो. एकाने खाली जायचं होतं. सकाळी आमचा सामना बरोबरीत सुटला. आता सगळं पुढच्या सामन्यावर होतं: गोदीवाले विरुद्ध शाळामास्तरांचा संघ. मास्तर जिंकले तर गोदीवाले खाली, आम्ही वर. बरोबरी झाली तरी आम्ही खाली. आणि त्या सामन्याला पंच द्यायची पाळी आमची होती. म्हणजे माझी.

आमची सगळी मंडळी दोरीपलीकडे उभी राहिली. माझी मुलगी मीरा तेव्हा लहान होती, मोरिता-सानांच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर गरम सूपचा डबा दोन्ही हातांत धरून बसली होती. मास्तरांनी एक गोल केला. वारा वाढला. शेवटची मिनिटं उरली, आमच्या लोकांचे चेहरे सैल झाले होते, कोणीतरी हसलंही. तेवढ्यात गोदीवाल्यांचा चेंडू उंच आला, मास्तरांचा उंच बचावपटू उडी मारून वळला, आणि चेंडू त्याच्या लांबवलेल्या हाताला लागून खाली पडला.

मी पुढ्यातच होतो. लागलेला बघितला, आवाजही ऐकला. हाताला लागलेल्या चेंडूचा आवाज वेगळा असतो, ओल्या टॉवेलसारखा. मी शिट्टी वाजवली आणि बोट दाखवलं. पेनल्टी. तो बचावपटू आपल्या हाताकडे बघत राहिला.

गोल झाला. बरोबरी. गोदीवाले वर राहिले. आम्ही खाली.

माझी खरी परीक्षा शिट्टीत नव्हती. ती नंतर सुरू झाली. आमच्या मंडळींनी, रीतीप्रमाणे, लांब दांड्यांच्या लाकडी फळ्या घेतल्या आणि मैदान सपाट करायला लागली. एकेकजण माझ्याजवळून जाताना "ओत्सुकारेसामा" म्हणत गेला, म्हणजे दमलात, श्रम झाले. कोणी डोळे मोठे केले नाहीत. कोणी तोंड फिरवलं नाही. मग सगळ्यांनी रांगेत उभं राहून मैदानाला वाकून नमस्कार केला आणि सायकली घेऊन घरी गेले. गप.

मी दादाला फोन केला. "शिव्या दिल्या का कुणी?" त्याचा पहिला प्रश्न.

"नाही."

"एकानंबी? अरे, मग अवघड हाय. इथं असतास तर पेठेनं तुझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोरांनी बखोट धरून मिसळ खायला नेलं असतं. आता तू काय करणार?"

"माफी मागतो."

"कशाची?"

माफी मागायला मला कारण कधीच लागलं नव्हतं. ऑफिसमधल्या सहकाऱ्याने सल्ला दिला, की मोठी माफी मागायची असेल तर जड मिठाई न्यावी, हातात घेताना वजन कळलं पाहिजे. मी स्टेशनजवळच्या जुन्या मिठाईच्या दुकानात गेलो. तिथे योकान मिळतो, लाल दाण्यांचा आटवलेला, घट्ट, विटेसारखा जड. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "कोणत्या प्रसंगासाठी?" इथे प्रसंगाप्रमाणे वेष्टन बदलतं. लग्नाचा कागद वेगळा, आजारी माणसाचा वेगळा. मी म्हणालो, "माफी." त्यांनी मान खाली घातली, काही न विचारता साधा पांढरा कागद काढला आणि कडा अशा बसवल्या की त्या कागदाकडे बघूनच मला रडू आलं.

पुढच्या सरावाला मी सगळ्यांसमोर उभा राहिलो, कमरेतून वाकलो आणि जपानीतली सगळ्यात मोठी माफी मागितली. डोकं वर केलं तेव्हा मला हलकं वाटत होतं. मंडळी मात्र जमिनीकडे बघत होती. मोरिता-सानांनी खोका दोन्ही हातांनी घेतला, त्याचं वजन जोखलं आणि तो न उघडता क्लबच्या खोलीतल्या फळीवर ठेवून दिला.

घरी जाताना सायकलच्या मागच्या सीटवरून मीराने जपानीत विचारलं, "बाबा, बॉल हाताला नव्हता लागला का?"

"लागला होता," मी मराठीत सांगितलं.

मग माफीचं कारणच नव्हतं, हे तिने तेव्हाच ओळखलं होतं, मी ओळखलं नव्हतं.

पंचाने माफी मागितली ही बातमी बंदरभर झाली. आणि माफी मागितली याचा अर्थ कुठल्याही सरळ माणसाने जो लावावा तोच लोकांनी लावला: पेनल्टी चुकीची होती. पुढच्या रविवारी आम्ही मैदानात असताना गोदीवाल्यांचा कप्तान ओनिशी-सान आला. गोदामात मालाची गाडी चालवणारा दणकट माणूस, कामाचं जाकीट घातलेला, मागे दोन साथीदार. ताठ उभा राहिला.

"साळोखे-सानांनी चूक मान्य केली असं ऐकलं," तो म्हणाला. "मग तो गोल आमचा नाही. आम्ही तसं लीगला कळवतो. तुम्ही राहा, आम्ही खाली जातो." आणि वाकला.

आमच्या तरण्या खेळाडूंच्या तोंडून एक श्वास सुटला. मला तो अजून ऐकू येतो. आशेचा श्वास. ज्यांनी माझ्याकडे आठवडाभर बघितलं नव्हतं ते सगळे आता माझ्याकडे बघत होते.

तो क्षण मी लपवणार नाही. मला खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं. जपानीत "तसं म्हणजे… जरा…" म्हणून वाक्य अधांतरी सोडलं, की समोरचा माणूस ते आपल्या मनाने पूर्ण करतो आणि पुढे विचारत नाही. एक अर्धवट वाक्य, आणि माझा क्लब वाचत होता. मिस्त्र्यांच्या वेळेपासून चालत आलेला क्लब. या माणसांनी मला, परक्या देशातून आलेल्या पोट सुटलेल्या माणसाला, न विचारता आपल्यात घेतलं होतं. त्यांची परतफेड करायची संधी समोर वाकून उभी होती. आणि ती द्यायला माणूसही कोण, तर गोदीवाल्यांचा कप्तान. ज्याने वर राहण्यासाठी वर्षभर रात्रपाळ्या बदलून घेतल्या होत्या, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मोरिता-सान खुर्चीतून उठले. "सारोके," ते म्हणाले. माझं आडनाव त्यांना कधी नीट जमलं नाही. "हाताला लागला व्हता का न्हाई, एवढंच सांग."

"लागला होता," मी म्हणालो. "मी बघितला. पेनल्टीच होती."

"मग माफी कशाची मागितलीस?"

"तुम्ही सगळे खाली गेलात, त्याची."

मोरिता-सानांनी सगळ्यांकडे वळून हात पसरले. "ऐकलं का? ह्या गड्याला वाटतंय, ह्यानं एकट्यानं आपल्याला खाली नेलं! लेका, आम्ही इतक्या जणांनी वर्षभर कष्ट घेतले हरायला. घाम गाळला. आमचा गोलकीपर तर दर रविवारी राबला. आणि शेवटी येऊन सगळं श्रेय तू घेणार व्हय?"

पहिला हसला तो गोलकीपरच. मग बाकीचे. मग ओनिशी-सानच्या मागचे दोघं. ओनिशी-सान मात्र हसला नाही, तो अजून माझ्याकडे बघत होता. त्याला नीट उत्तर हवं होतं, आणि ते मी त्याला देणं लागत होतो. मी त्याच्यासमोर गेलो. या वेळी वाकलो नाही.

"ओनिशी-सान, मी माफी मागितली ती चूक झाली. ती मी परत घेतो. गोल तुमचाच आहे."

तो इतका खाली वाकला की मला त्याच्या जाकिटाच्या पाठीवरचं कंपनीचं नाव वाचता आलं. सरळ झाल्यावर म्हणाला, "मग पुढच्या वर्षी वर या. आम्ही वाट बघतो."

"तुम्हीच या की खाली," मोरिता-सान म्हणाले. "ऐसपैस जागा हाय."

मग ते खोलीत गेले आणि तो पांढऱ्या कागदातला खोका घेऊन आले. कागद टराटरा फाडला. सुरी नव्हती. गोलच्या जाळीचा एक तुटका दोरा काढला, पाण्याने धुतला आणि त्याने योकानचे काप पाडले. दोरा आतून जाताना लाल-काळा चकचकीत काप अलगद कलत होता. पहिला काप ओनिशी-सानला, दुसरा मला.

"खा," मोरिता-सान म्हणाले. "आता ही मिठाई झाली."

जड, गोड, थंडीत थोडा कडक झालेला. मी तो उभ्याने खाल्ला, तोंडात फक्कीची कचकच होती, आणि त्याच संध्याकाळी मैदान सारखं करताना आमचा कप्तान माझ्या शेजारून फळी ओढत जाताना हळूच म्हणाला, "साळोखे-सान, तुमचे डोळे फार चांगले आहेत. च्यायला." शेवटचा शब्द मी घातलाय, पण त्याच्या जपानीत त्याच वजनाचा एक होता. मी आयुष्यात कुठल्या शिवीने इतका सुखावलो नाही.

नंतर कधीतरी, अशाच लाल पट्ट्यांच्या दिवसांत, मोरिता-सानांनी मला त्या स्कॉटिश क्लबच्या एका सेक्रेटरीची गोष्ट सांगितली. क्लबने नकळत एक अपात्र खेळाडू खेळवला होता. कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सेक्रेटरीच्या आलं, आणि त्याने स्वतः जाऊन लीगला सांगितलं. गुण कापले गेले, क्लब खाली गेला. गावाने त्याच्या दारावर माशांची डोकी टाकली. वर्षानुवर्षं त्याला शिव्या घातल्या. आणि तो वारला तेव्हा त्याच माणसांनी त्याला आळीपाळीने खांदा दिला, चढावरून, मैदानाला वळसा घालून. शिव्याही दिल्या आणि खांदाही दिला. ही गोष्ट खरी की मोरिता-सानांनी माझ्यासाठी रचली, मला माहीत नाही. मी शोधायला गेलो नाही. मला ती खरी असायला हवी आहे, आणि गावांच्या बाबतीत तेवढं पुरतं असं मला वाटतं. दादाला सांगितली तर तो म्हणाला, "हे तर आपल्या पेठेतलंच हाय की."

खाली गेल्यावर मोरिता-सानांच्या नातीने त्या स्कॉटिश क्लबला आमची बातमी इंग्रजीत कळवली होती, थोड्या दुःखाने. तिकडून लगेच उत्तर आलं: आम्हीही यंदा शेवटचे. चहा टाका. मोरिता-सान ते वाचून खुर्चीत बसल्या बसल्या गदगदून हसले आणि मग खरोखरच चहा टाकला.

आम्ही अजून वर आलेलो नाही. येऊ. दोनदा अगदी जवळ जाऊन आलो, एकदा तर ओनिशी-सान आपला अख्खा संघ घेऊन आम्हाला ओरडून धीर द्यायला कडेला उभा होता, आणि आम्ही हरल्यावर त्याने ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून मोरिता-सान तृप्त झाले. या रविवारी मोसमाचा शेवटचा सामना आहे. जिंकलो तर वर. आमच्यानंतरच्या सामन्याची शिट्टी माझीच आहे आणि त्याच्या निकालावर पुन्हा आमचं काही ना काही अवलंबून आहे; तळाच्या लीगमध्ये कायमच असतं. लीगने विचारलं होतं, दुसरा पंच देता का? आमच्या कप्तानाने मला न विचारताच उत्तर दिलं, "नको. आमच्या माणसाला दिसतं."

माझा अपराधीपणा गेला नाही. आई अजून एकटी आहे, मीरा अजून जपानीत उत्तर देते. पण मला आता एवढं कळतं, की माझ्या पुष्कळशा माफ्यांनी दुसऱ्यांच्या वाटणीचं दुःख आणि वाटणीची हार मी माझ्या नावावर करून घेत आलो. आई कोल्हापुरात राहते ते तिला पेठ सोडवत नाही म्हणून. तिने मला तसं कितीदा सांगितलंय, मी माफी मागण्याच्या नादात ऐकलं नव्हतं. परवा फोनवर माफी न मागता नुसतं विचारलं, "आज काय केलंस?" तर तासभर बोलली.

आज संध्याकाळी मीराबरोबर स्टेशनवरून येताना त्या जुन्या मिठाईच्या दुकानात शिरलो. मीरा आता उंच झाली आहे, क्लबच्या मुलींच्या संघात डावीकडून खेळते आणि नाणेफेक जिंकली तर न चुकता डोंगर मागते. काउंटरवर त्याच बाई होत्या, केस पांढरे झालेल्या. मी मोठा योकान दाखवला, सगळ्यात जड.

"कोणत्या प्रसंगासाठी?" त्यांनी विचारलं.

रविवारी आम्ही वर जाऊ, किंवा जाणार नाही. मीरा माझ्याकडे बघत होती.

"खायला," मी म्हणालो.